शुक्रवारचा ताप

मी भित्री बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. पाल, पोलीस, इंजेक्शन आणि नवऱ्याच्या मागे गाडीवर बसून बघितलेला ओव्हरटेक, या सगळ्याने माझ्या पोटात गोळा येतो. त्यामुळे पुढे कुठे वाटलं की ही बाई उगाच घाबरते आहे, तर खुशाल वाटू द्या. पण कामावरून आल्यावर ज्यांना ठरावीक वारीच ताप चढतो, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं. मी त्यांच्यासाठीच लिहायला बसले आहे.

माझं नाव वैशाली. माहेर संत तुकाराम नगरचं, सासर मोशीचं. महाळुंग्याच्या एका कंपनीत मी मशीन चालवते. गाड्यांना लागणारे लोखंडी भाग आमच्याकडे कापून, घासून मापात आणतात. लोखंड कापताना पातं तापू नये म्हणून त्यावर दुधासारखं पांढरं पाणी सतत पडत असतं. त्याला आम्ही कूलंट म्हणतो. मशीनचं दार उघडलं की त्याचं बारीक धुकं तोंडावर येतं. ते धुकं मी कितीतरी वर्षं रोज खाल्लं, आणि त्यात काही असेल असं एकदाही मनात आलं नाही.

सुट्टी अंगावर येते

बाहेरच्यांसाठी एक सांगायला हवं. जगाची सुट्टी रविवारी असते, आमच्या कंपनीची गुरुवारी. आमच्या पट्ट्यात पुष्कळ कंपन्यांचं असंच आहे. गुरुवारी आम्ही डोक्यावरून न्हातो, दळण आणतो, लग्नं गाठतो, आणि शुक्रवारी डोळे चोळत नवा आठवडा सुरू करतो. लेकीची शाळा मात्र रविवारची, त्यामुळे आई आणि लेक एकाच दिवशी घरी असा योग फक्त सणावारी.

त्या हिवाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी मला हुडहुडी भरायला लागली. बसमधून उतरेपर्यंत अंग ठणकायचं, छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं वाटायचं, कोरडा खोकला यायचा. रात्री ताप. सकाळी उठले की बरीचशी ठीक. शनिवारी कमी, रविवारी त्याहून कमी, बुधवारपर्यंत मी विसरूनही जायची.

कंपनीत हे नवीन नव्हतं. शुक्रवारी आमच्या लाइनवर दोघं-तिघं तरी कण्हत असायचे. पुरुषांना सुपरवायझर म्हणायचा, "काय भावा, काल रात्री जास्त झाली का?" आणि सगळे हसायचे. आम्हा बायकांना म्हणायचा, "सुट्टी अंगावर आली, ताई." माझ्या शेजारच्या मशीनवर मंगल असते, माझी जुनी मैत्रीण. ती तर डब्यासोबत तापाची गोळी घेऊनच यायची आणि अर्धी मला द्यायची. सुट्टीनंतर अंग मोडून येतं, ही आमच्याकडे पाऊस पडला की चिखल होतो इतकी साधी गोष्ट होती. कुणी तिच्याकडे वळून बघितलं नाही.

घरात मात्र एक माणूस बघत होतं. माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. जुन्या मोशीतलं माणूस, अख्खं आयुष्य शेतात गेलं. आता शेताच्या जागी इमारती उभ्या राहिल्यात, तर बिचाऱ्या बाल्कनीत मिरच्या लावतात. त्या संतोषीमातेचे शुक्रवार करतात. शुक्रवारी आमच्या घरात आंबट शिजत नाही. पण माझ्या डब्यात मंगलची चिंचेची चटणी असायची, हे त्यांना स्वराने सांगितलं होतं. स्वरा माझी लेक, पहिलीत आहे आणि पोटात एक गोष्ट ठेवत नाही.

"दर शुक्करवारी ताप येतोय तुला," आत्या म्हणाल्या. "आंबट खातीस तू. देवीला खपत न्हाई."

"आत्या, देवीला कंपनीतली चटणी कशी कळेल?"

"तिला समदं कळतंय."

मी हसले. नवरा हसला. नवऱ्याचं नाव दत्तात्रय, मोशीत दुचाकीचं गॅरेज आहे. नाव घ्यायला मी लाजत नाही, उखाण्यांत भरपूर घेतलंय, पण इथून पुढे नुसतं 'हे' म्हणते, सवयीनं तेच येतं.

थुंकीचा डबा

मग खोकला बुधवारीही राहायला लागला. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबावं लागायचं. ब्लाउज ढिले झाले. हे म्हणाले, "बारीक झालीस, चांगली दिसतेस." दुसऱ्या महिन्यात तेच मला गाडीवर घालून डॉक्टरकडे घेऊन गेले, आणि रस्ताभर एकही ओव्हरटेक केला नाही. तेव्हाच मला कळलं की हेही घाबरलेत.

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला. फोटो त्यांनी उजेडाला धरला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी स्वतःच्या तोंडावरचा मास्क नाकापर्यंत वर ओढला.

"घरात लहान मूल आहे का?"

"आहे."

"टीबी असू शकतो. थुंकी तपासू."

पुढचं मला नीट आठवत नाही. बाहेर येऊन मी गाडीजवळ उभी राहिले आणि ह्यांना म्हणाले, "माझ्या जवळ येऊ नका." त्यांनी ऐकलं नाही, हात धरला. मी तो झटकून टाकला. टीबीला औषध आहे, माणसं पूर्ण बरी होतात, हे मला शाळेपासून माहीत होतं. ते माहीत असणं त्या वेळी काडीच्या उपयोगाचं नव्हतं. माझ्या डोक्यात एकच होतं. आदल्या रात्री स्वरा माझ्या गळ्यात हात घालून, माझ्या तोंडाला तोंड लावून झोपली होती.

थुंकीत काही निघालं नाही. पण फोटोत डाग होते, ताप होता, वजन उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले, "कधी कधी थुंकीत सापडत नाही. थांबण्यात धोका आहे. औषध सुरू करू." त्यांना मी दोष देत नाही. आपल्याकडे खोकला, ताप आणि बारीक झालेली बाई पाहिली की कुणालाही तेच आठवेल.

गोळ्यांनी लघवी लाल होते, हे त्यांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाथरूममध्ये मी अशी किंचाळले की हे ग्रीसचे हात घेऊन धावत आले. नंतर हसू आलं. त्या दिवसांत आलेलं ते एकमेव हसू.

उंबरा

मधल्या खोलीत माझी गादी टाकली. ताट, पेला, वाटी वेगळी केली. कुणी सांगितलं नव्हतं, मीच केलं. आत्या रडल्या, म्हणाल्या, "आमी असं माणूस वाळीत टाकत न्हाई." पण स्वराला त्यांनी आपल्याजवळ झोपवायला घेतलं, आणि तिला खोलीचा उंबरा दाखवून सांगितलं, "इथंवर. म्होरं न्हाई."

स्वरा उंबऱ्याबाहेर मांडी घालून बसायची आणि शाळेतलं सांगायची. मला खोकला आला की फ्रॉकचं टोक तोंडावर धरून मागे सरकायची. खोकला थांबला की पुन्हा पुढे. तिने एक खेळ काढला. बाहेरून माझ्याकडे चेंडू घरंगळत सोडायचा. मी तो परत देऊ शकत नव्हते, कारण माझ्या हातचं बाहेर जायचं नाही असं मीच ठरवलं होतं. मग चेंडू माझ्याकडेच राहिला. दुसऱ्या दिवशी तिने खेळण्यातली बस सोडली. मग बाहुली. मग पाटीवरची पेन्सिल. एकेक करून तिची सगळी खेळणी माझ्या गादीभोवती जमा झाली आणि तिच्याकडे काही उरलं नाही. तेव्हा ती नुसती बसून राहिली.

मला मरायची भीती वाटत होती असं लोकांना वाटतं. मरणाचं नंतर आलं. आधी भीती वाटत होती ती रोज सकाळी स्वरा उठायची तेव्हा. ती खोकते का, हे ऐकायला मी श्वास धरून पडून राहायची. तिला साधी शिंक आली तरी मी आत्यांना तिच्या कपाळाला उलटा हात लावून बघायला सांगायची. ह्यांच्याशी माझं बोलणं म्हणजे भांडणच. ते म्हणायचे, थोडी उठून गॅलरीत बस. मी म्हणायची, तुम्हाला काय, तुम्ही गॅरेजला पळता. त्यावर ते गॅरेजला पळत.

आणि मग मी बरी व्हायला लागले. ताप गेला. खोकला कमी झाला. दोन घास जास्त जायला लागले. डॉक्टर खूश. "गोळ्या लागू पडल्या. म्हणजे टीबीच." घरात जीव भांड्यात पडला. आत्यांनी देवीला गूळ-चणे दाखवले. कुणाच्याही लक्षात आलं नाही की गोळ्यांसोबत मी आणखी एक गोष्ट करत होते. मी कामावर जात नव्हते.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मी कामावर हजर झाले. वार अर्थातच शुक्रवार. आमचा आठवडाच तिथून सुरू होतो.

पुन्हा

जेवणाची सुट्टी झाली तोवर मी ठीक होते. त्यानंतर हुडहुडी भरली. मंगलने तिची ओढणी माझ्याभोवती गुंडाळली तरी दात वाजत होते. शिफ्ट सुटायच्या आधी माझी नखं निळी झाली. कंपनीच्या गाडीने मला मोठ्या दवाखान्यात नेलं. गाडीत मी मंगलचा हात धरून एकच वाक्य म्हणत होते, "मला श्वास येत नाहीये गं." ती म्हणत होती, "येतोय, येतोय, बघ आला." ती खोटं बोलत होती, पण छान बोलत होती.

तोंडावर ऑक्सिजन लावला. आता मरणाची भीती आली. ती कशी असते ते सांगते. तिच्यात देव, लेक, नवरा कुणी नसतं. पुढचा श्वास मिळेल का, एवढंच असतं. तो मिळाला की त्याच्या पुढचा.

तिथल्या छातीच्या डॉक्टर तरुण होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. त्यांनी फोटो बघितले, गोळ्या बघितल्या, मला खूप प्रश्न विचारले. घरी कबुतरं येतात का? भिंतींना ओल आहे का? काम काय करता? मी धापा टाकत सांगितलं. त्यांनी लगेच पुढचं विचारलं, "सोमवारी जास्त त्रास होतो का? सुट्टीनंतर पहिल्या दिवशी?"

मी त्यातलं सोमवार तेवढं ऐकलं. ऑक्सिजन घेत असताना माणूस अर्धंच ऐकतं. सोमवारी तर माझा त्रास उतरणीला लागलेला असायचा. मी मान हलवली. नाही.

"नक्की?"

नक्की. सोमवारी नाही.

त्यांनी तो विचार तिथेच सोडला. पुढचे दोन दिवस त्या दुसऱ्याच वाटेने गेल्या. ह्यांना बाजूला घेऊन त्यांनी जे सांगितलं ते मला पडद्यामागून ऐकू आलं. गोळ्या चालू असताना आजार उलटला आहे, म्हणजे औषधाला दाद न देणारा टीबी असू शकतो. त्याची औषधं जड, लांबलचक, कान-डोळ्यांवर परिणाम होऊ शकतो. दुसरी शक्यता म्हणजे फुप्फुसाला नुसतीच सूज. तिच्यावर स्टेरॉइड द्यावं लागेल. पण आत टीबी असेल तर स्टेरॉइडने तो वणव्यासारखा पसरेल. "चुकीचं निवडलं तर त्यांना झेपणार नाही," मॅडम म्हणाल्या. नळी घालून फुप्फुसातलं पाणी काढलं होतं, त्याचा पहिला अहवाल टीबी नाही असा आला होता, पण थुंकीतही तो नव्हताच आणि तरी गोळ्या लागू पडल्या होत्या, तेव्हा त्यावर विसंबायचं कसं?

त्या दुपारी वॉर्डातल्या मावशी माझ्याजवळ आल्या. केसांच्या जटा झाल्या होत्या. त्यांनी न विचारता तेल लावलं, गुंता सोडवला आणि दोन वेण्या घातल्या, शाळेतल्या पोरीला घालतात तशा. माझ्याजवळ यायला त्या घाबरल्या नाहीत. किती दिवसांनी माझ्या डोक्याला कुणाचा हात लागला होता. मी मास्कच्या आत रडले, त्याने मास्क ओला झाला, आणि मावशींनी तोही पुसून दिला.

आत्या बोलल्या

जड औषधं दुसऱ्या दिवशी सुरू करायची ठरलं. मॅडम संध्याकाळच्या फेरीला आल्या तेव्हा आत्या माझ्या पायाशी उभ्या होत्या. आदल्या दिवसापासून त्या घुटमळत होत्या. एकदम हात जोडून म्हणाल्या, "बाई, चूक आमची हाय. हिला म्या सांगितलं व्हतं, शुक्करवारी आंबट खाऊ नको. हिनं ऐकलं न्हाई. आता देवीची काय ती वटी भरते, पण पोरीला वाचवा."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ह्यांनी "आई, गप्प बस" म्हणून त्यांचा दंड धरला. मॅडम सवयीने मान डोलावून पुढच्या खाटेकडे वळल्या. दोन पावलं गेल्या आणि थांबल्या.

"आजी, काय म्हणालात? शुक्रवारी?"

"व्हय. दर शुक्करवारी ताप. शनवारी कमी. गुरुवारी तर पोर चांगली भाकऱ्या थापायची."

"दर शुक्रवारी? घरी होत्या तेव्हापण?"

आत्यांनी जरा विचार केला. "न्हाई. घरी व्हती तवा न्हाई आला. पर तवा तिनं आंबट खाल्लंच न्हाई."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुमच्या कंपनीला सुट्टी कधी असते?"

मी मास्क बाजूला केला. "गुरुवारी."

त्यांनी कपाळावर हात मारला. खरोखरचा, चटका बसल्यासारखा. "मी अमरावतीची हो," त्या म्हणाल्या. "इथे येऊन वर्ष झालं नाही. मला कुणी सांगितलंच नाही की इथे गुरुवारी रविवार असतो."

पुस्तकात त्या तापाला सोमवारचा ताप म्हणतात म्हणे. पुस्तक लिहिणाऱ्याची सुट्टी रविवारची. मला रविवारची सुट्टी असती तर मी पहिल्याच दिवशी हो म्हटलं असतं.

मेलेल्याची टरफलं

त्यांनी तिथूनच मंगलला फोन लावायला सांगितला. फोन ह्यांनी धरला, मॅडम विचारत होत्या.

"शुक्रवारी मशीन सुरू करताना काय असतं?"

"काही नाही मॅडम. वास असतो. गुरुवारभर कूलंट टाकीत साचून राहतं ना, कुजक्या अंड्यासारखा वास मारतं. मग मेंटेनन्सवाले त्यात औषध टाकतात. जास्त वास असला तर डबल. तासाभरात वास गायब. एकदम क्लीन."

"टाकी रिकामी करतात?"

"छे. कशाला? औषध टाकलंय ना."

मॅडमनी मग मला समजावलं. डॉक्टरी भाषा मला येत नाही, त्यामुळे मला समजलं तसं सांगते. साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात, त्यांचा वास येतो. औषधाने ते मरतात. पण मेलेला जंतू कुठे जात नाही. त्याचं बाहेरचं कवच फुटून त्याची टरफलं पाण्यातच राहतात. मशीन फिरलं की धुक्यासोबत ती नाकात. आणि आपल्या शरीरात पहारेकरी पेशी असतात, त्या जन्मापासून ते कवच ओळखतात.

"पण मेलेला आहे ना तो?" मी म्हणाले. "मेलेल्याला काय भ्यायचं?"

"त्यांना मेला-जिता कळत नाही. नाव-गाव विचारत नाहीत त्या. फक्त आकार बघतात. असा आकार आपल्या शरीरात कधीच नसतो, तो दिसला म्हणजे शत्रू आला. लगेच बोंब ठोकतात. ताप आणतात, फुप्फुसात सूज आणतात."

हे मला चटकन कळलं, कारण आमच्या कामात गेज असतं. लोखंडाचा ठोकळा असतो, भोकात घालून बघायचा. गेला तर माल पास, नाही गेला तर रिजेक्ट. गेजला त्या भागाची कहाणी माहीत नसते, तो कुठल्या गाडीला लागणार तेही माहीत नसतं. मी दिवसातून कितीतरी वेळा ते करते, आणि माझ्या छातीत तेच चालू होतं. गुरुवारी एक दिवस आराम मिळाला की पहारेकरी ताजेतवाने व्हायचे आणि शुक्रवारी सगळ्यात मोठी बोंब मारायचे. आठवड्यात दमून जरा गप्प व्हायचे. वर्षानुवर्षं ते धुकं खाल्ल्यावर सूज घर करून बसली. शरीरातले दुसरेही शिपाई त्या कूलंटवर चिडून बसले, त्यांचे डाग फोटोत दिसत होते. आणि मी टीबीच्या गोळ्या खात होते. आजार म्हशीला आणि औषध पखालीला.

आम्ही सगळे नाकावर विश्वास ठेवून बसलो होतो. वास गेला म्हणजे घाण गेली. घरी मोरीतही मी तेच करते.

तुम्हाला वाटेल, हे कळल्यावर भीती गेली असेल. उलट वाढली. जंतू असता तर तो मारता आला असता. इथे मारलेलाच जंतू मला मारत होता, आणि तोही माझ्याच शरीराच्या हातून. शिवाय मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "माझी आता खात्री वाढली आहे, पण शंभर टक्के नाही. स्टेरॉइड देऊ का?" निर्णय आम्हाला विचारला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. ह्यांचा चेहरा इतका पांढरा मी कधी पाहिला नव्हता.

मी आत्यांकडे बघितलं. का, ते मला अजून सांगता येत नाही. त्या देवीबद्दल चुकल्या होत्या. पण सगळ्या तपासण्यांमध्ये, सगळ्या फोटोंमध्ये, मला कोणत्या वारी काय होतं हे फक्त त्यांनी बघितलं होतं.

"द्या," मी म्हणाले.

सलाइनमधून ते थेंब थेंब उतरत होतं आणि मी प्रत्येक थेंब बघत होते. आत टीबी असेल तर हा त्याला खाऊ घालतोय, असंच वाटत होतं. डोळे मिटायची हिंमत होत नव्हती. दोन दिवस काही फरक नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी मावशींशी बोलत होते, त्यांच्या सुनेची तक्रार ऐकत होते, आणि त्या मध्येच थांबून म्हणाल्या, "ताई, तुम्ही मास्क काढून बोलताय की." मला कळलंच नव्हतं. पुढे टीबीचे राहिलेले अहवालही कोरे आले, आणि त्या लाल गोळ्या बंद झाल्या.

आता

मी कामावर परत गेले, पण मशीनवर नाही. मॅडमनी लिहून दिल्यावर मला कोरड्या तपासणीच्या खोलीत बसवलं. तिथे दिवसभर गेज घेऊन बसते, धुकं नाही. टाकी आता बुधवारी रिकामी करून धुतात. सहज झालं नाही ते. मंगलने आणि बाकीच्यांनी सुपरवायझरला घेरलं तेव्हा झालं. सुपरवायझरचा स्वतःचा शुक्रवारचा खोकला निघाला, म्हणून जरा लवकर झालं. फुप्फुसाचा एक कोपरा कायमचा आखडला आहे, जिन्यात अजून थांबावं लागतं. थांबते.

तुमचा ताप कोणत्या वारी येतो ते बघा. डॉक्टरांना वार सांगू नका, सुट्टीनंतरचा पहिला दिवस असं सांगा. एवढंच माझ्याकडे सांगण्यासारखं आहे.

शुक्रवारची भीती मात्र जात नाही. दुपार झाली की मी नखं बघते. अंगावर काटा आला तर पंख्याचा आहे की आतला, हे कळेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो.

परवाच्या गुरुवारी शाळेलाही सुट्टी होती. मी स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी टाकली. ठसका लागला. नुसता फोडणीचा ठसका, घराघरात लागतो तसा. स्वरा माझ्या मागे ओट्याला टेकून गाजर खात होती. मी डोळे पुसून वळून बघते तर ती तिथे नव्हती. ती दाराबाहेर, उंबऱ्याच्या पलीकडे उभी होती, फ्रॉकचं टोक तोंडावर घट्ट धरून. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. मला टीबी नव्हता हे तिला आम्ही कितीदा सांगितलं आहे, तिला पाठ आहे ते. पण खोकल्याचा आवाज झाला आणि तिचे पाय आपोआप मागे गेले.

मला मशीनच्या धुक्याने जेवढं दुखवलं नाही तेवढं त्या क्षणी दुखलं.

मी गॅस बंद केला आणि उंबऱ्याजवळ जाऊन खाली बसले. आतल्या, माझ्या बाजूला. "ये," म्हटलं नाही. आत्या बाल्कनीतून बघत होत्या. स्वराने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग उंबऱ्यावरून हात पुढे करून माझ्या कपाळाला लावला, आत्या लावायच्या तसा, उलटा.

"गार आहे," ती म्हणाली.

आणि उंबरा ओलांडून माझ्या मांडीत येऊन बसली, उरलेल्या गाजरासकट.